तवा एकच, पान आपापलं

वाचकाचं पत्र :

ताई, मी मूळची मिरजेची, दोन वर्षांपासून न्यू जर्सीत एडिसनला राहते. जन्मापासून शाकाहारी आहे. अंडंही खात नाही, कांदा-लसूण चालतो. गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच हिबाची रेस्टॉरंटात गेले. टेबलाच्या मधोमध भला मोठा लोखंडी तवा, आणि त्यावर आचारी आमच्या डोळ्यांसमोर चिकन, कोळंबी, बीफ सगळंच भाजत होता. मी ‘घरून जेवून आलेय’ म्हणाले आणि नुसती बसून राहिले. आचाऱ्याने गंमत म्हणून माझ्या तोंडाच्या दिशेने कोळंबी उडवली. मी मान फिरवली आणि ती गालावर आपटली. सगळे हसले. कुणीतरी काढलेला व्हिडिओ ग्रुपवर फिरला. मी फक्त सूप आणि सॅलड घेतलं होतं, पण बिल आठ जणींत सारखं वाटलं गेलं आणि माझ्या वाट्याला ६८ डॉलर आले. ते सूपही बहुतेक चिकनचंच असतं, हे नंतर कळलं. घरी येऊन रडले. सगळ्यात जास्त लागलं ते आमच्यातल्याच एका मराठी मैत्रिणीचं बोलणं : ‘अगं, अमेरिकेत राहायचं तर थोडं सोडून द्यायला शिक.’

आता त्याच गटातल्या एका मैत्रिणीचा तिसावा वाढदिवस आहे आणि तिने पुन्हा हिबाचीच ठरवलंय. मी इथे नवीन असताना हिनेच मला गाडी शिकवली, परीक्षेला सोबत आली. तिला नाही म्हणवत नाही आणि जायची भीती वाटते. आचाऱ्याला ‘नको’ म्हटलं तर तो जपानी पद्धतीचा अपमान होतो का? काय करू?

ता. क. केक मी आणते असं कबूल केलंय. बिनअंड्याचा नेला तर चालेल ना?

ताईंचं उत्तर :

मिरजेच्या लेकी,

जा. पण या वेळी नुसती बसायला जाऊ नकोस, जेवायला जा.

तुझ्या पत्रात तीन दुखणी एकमेकांत गुंतलेली दिसतात. तव्याचं, पैशाचं आणि त्या मराठी मैत्रिणीच्या वाक्याचं. पहिल्या दोहोंवर उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. तिसऱ्याला थोडा वेळ लागेल, त्यावर शेवटाकडे येते.

‘घरून जेवून आलेय’ हे वाक्य आपण शाकाहारी माणसं फार लवकर शिकतो. समोरच्याला त्रास नको, आपल्याला प्रश्न नकोत. एरवीच्या रेस्टॉरंटात ते खपूनही जातं. ताटं आतून येतात, गप्पा चालू असतात, कुणी काय खाल्लं याकडे कुणाचं लक्ष नसतं. हिबाचीच्या टेबलावर मात्र हे वाक्य आपल्यालाच उघडं पाडतं. तव्याच्या तिन्ही बाजूंना खुर्च्या, सगळ्यांची तोंडं तव्याकडे, चौथ्या बाजूला आचारी. लपायला कोपराच नाही. त्यातून गप्प बसलेल्या माणसाला खेळात ओढायचं हे त्या आचाऱ्याच्या कामातच येतं. आठ जणींतली एक रिकाम्या ताटासमोर बसलेली दिसल्यावर त्याने पहिली कोळंबी तुझ्याकडे उडवावी, यात नवल नाही. उडवण्याआधी त्याने विचारायला हवं होतं. चांगले आचारी विचारतात, निदान खुणेने तरी. त्याने विचारलं नाही ही त्याची चूक आहे आणि तुला लागलं ते खरं आहे. पण तू काय खातेस हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण ते त्या टेबलावर कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडच्या पंगतीत एखाद्याचा उपास असतो. पानं मांडली जात असतानाच तो सांगतो, ‘मला उपासाचं वाढा.’ त्याच्या पानात वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी येते, शेजारच्या पानात जिलबी येते, आणि दोघं मांडीला मांडी लावून जेवतात. कुणाला राग येत नाही. मात्र ते वेळेवर सांगावं लागतं. वरण-भात पानात पडल्यावर सांगितलं की वाढपीही अवघडतो आणि आपणही. हिबाचीचं अगदी तसंच आहे. उलट इथे एक सोय जास्त आहे. स्वयंपाक करणारा माणूस तुझ्यापासून दोन-तीन हातांवर उभा असतो. तुझं अन्न तव्यावर पडण्याआधी तू त्याच्याशी बोलू शकतेस. इतर किती ठिकाणी हे जमतं?

आता अपमानाचं. हा प्रश्न तुझ्या मनात आला हे मला आवडलं, पण ही भीती काढून टाक. ज्याला अमेरिकेत हिबाची म्हणतात त्याला जपानमध्ये तेप्पानयाकी म्हणतात आणि तो काही पुरातन विधी नव्हे. त्याची सुरुवात कोबे शहरातल्या मिसोनो नावाच्या रेस्टॉरंटात १९४५ साली झाली असं मानतात. कांद्याचा ज्वालामुखी, उडणारी अंडी, उलथण्यांचा खणखणाट हा जो तमाशा तू पाहिलास, तो अमेरिकेत फोफावला. हिरोआकी आओकी नावाचा एक तरुण जपानी कुस्तीगीर इथे आला, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गाडीवर आइस्क्रीम विकून त्याने पैसे साठवले आणि १९६४ साली मॅनहॅटनच्या पश्चिम ५६व्या रस्त्यावर बेनिहाना नावाचं चार टेबलांचं रेस्टॉरंट उघडलं. स्वयंपाक गिऱ्हाइकासमोरच होत असल्यामुळे मागे मोठं स्वयंपाकघर लागत नाही, आणि अनोळखी माणसांनाही एकाच तव्याभोवती बसवून टेबल भरता येतं. हा हिशेब इतका चोख होता की पुढे हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये तो विद्यार्थ्यांना शिकवला जाऊ लागला. म्हणजे ती सगळी करामत गिऱ्हाइकाला मजा यावी म्हणून आहे. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणालं तर त्यात कुणाच्या परंपरेला धक्का लागत नाही. शिवाय अमेरिकेत या तव्यामागे उभा असलेला माणूस जपानीच असेल असंही नाही. कितीतरी ठिकाणी तो मेक्सिकोचा, चीनचा किंवा इंडोनेशियाचा असतो, तुझ्यासारखाच घरापासून लांब आलेला.

आणि जपानची गोष्ट निघालीच आहे तर हेही माहीत असू दे. इसवी सन ६७५ मध्ये तेम्मू सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली होती. मासे आणि शिकार चालूच राहिली, पुढे पळवाटाही निघाल्या, तरी जपानी माणूस गोमांसापासून शतकानुशतकं बराचसा लांबच राहिला. मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं ते थेट १८७२ साली. तिथल्या बौद्ध मठांतला शोजिन र्‍योरी हा स्वयंपाक आजही मांस-मासळीशिवाय होतो, आणि त्यात कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणारी तुझी आजी तिथे पहिल्या दिवसापासून नीट जेवली असती. ‘मी मांस खात नाही’ हे वाक्य जपानला परकं नाही.

मग आता तुझ्या तव्याकडे येऊ.

सगळ्यात आधी तुझी रेघ कुठे आहे ते तू ठरव. मी ठरवून देणार नाही, त्या मैत्रिणीनेही ठरवू नये. मी स्वतः शाकाहारी आहे आणि याच राज्यात राहते, पण माझी रेघ तुझ्या उपयोगाची नाही. काहींना आपल्या पानात मांस-मासळी नसली की पुरतं, खरवडून पुसलेल्या तव्यावरची भाजी चालते. काहींना भांडं आणि उलथणंही वेगळं लागतं. काहींना समोर बीफ भाजलं जात असताना घासच उतरत नाही. तिन्हींमध्ये कमी-जास्त काही नाही. पण तू यातली कोण, हे त्या टेबलावर बसल्यावर ठरवायला गेलीस तर पुन्हा ‘घरून जेवून आलेय’ हेच तोंडातून निघेल. म्हणून आज, घरी बसून ठरव.

ठरवताना तिथलं काम कसं चालतं हे माहीत असलेलं बरं. आधी आतून सूप आणि सॅलड येतं. मग आचारी ढकलगाडीवर सगळं कच्चं सामान घेऊन येतो आणि कुणाचं काय ते एकदा विचारून घेतो. तवा तापतो, तेल पडतं, जाळ उठतो. साधारणपणे आधी अंडं आणि फ्राइड राइस, मग भाज्या, मग कोळंबी, आणि चिकन-बीफ शेवटी. एक टेबल उठलं की तवा खरवडून, पाणी टाकून पुसला जातो. म्हणजे तुझी भाजी सुरुवातीलाच, भात पडायच्याही आधी करून घेतली तर तिला त्या जेवणातल्या अंड्याचा किंवा मांसाचा संपर्क होत नाही. मात्र तोच तवा तासाभरापूर्वी दुसऱ्या कुणासाठी तापला होता, आणि उलथणीही तीच असतात. पहिल्या प्रकारात असशील तर एवढं पुरे. दुसऱ्या प्रकारात असशील तर तुझं जेवण आतल्या स्वयंपाकघरात वेगळ्या भांड्यात करून मागव. ॲलर्जी असलेल्या लोकांसाठी बरीच रेस्टॉरंटं हे करतात, त्यामुळे ही मागणी त्यांना नवी नसते. तिसऱ्या प्रकारात असशील तर त्या टेबलावर बसू नकोस, आणि त्याचं ओझंही वाहू नकोस. मैत्रिणीला सांग, जेवण उरकल्यावर केकला येते, आणि पुढच्या रविवारी माझ्याकडे थालीपीठ खायला ये. तुझ्या हातचं जेवण हीसुद्धा तिच्या तिसाव्या वाढदिवसाची चांगली भेट होईल.

रेस्टॉरंटला फोन कर. ऐनवेळी नको, दोन दिवस आधी, आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास, दुपारची गर्दी ओसरून संध्याकाळची सुरू व्हायच्या आत. एवढंच बोल : ‘आय ॲम कमिंग विथ अ बर्थडे ग्रुप. आय डोन्ट ईट मीट, चिकन, फिश, श्रिम्प ऑर एग. कॅन यू कुक माय फूड फर्स्ट, ऑर सेपरेटली इन द किचन?’ नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नकोस. इथे कितीतरी लोकांच्या हिशेबी व्हेजिटेरियन माणसाला अंडं चालतं, काहींना वाटतं मासेही चालतात. एकेक नाव घेऊन सांगितलं की घोळ होत नाही. फोनवर जे ठरेल ते आरक्षणात लिहून घ्या म्हणावं, तिथे गेल्यावर ऑर्डर घ्यायला येणाऱ्या मुलीला एकदा सांगावं, आणि आचारी आला की त्याला पुन्हा एकदा. तीनदा सांगण्यात संकोच करू नकोस. एका टेबलावर आठ ऑर्डरी असतात, निरोप मध्येच गळतो.

खायचं काय? तिथलं पातळ, नितळ सूप दिसतं पाण्यासारखं, वर मश्रूमचे चार काप आणि तळलेला कांदा, पण ते बहुतेक ठिकाणी चिकनच्या किंवा बीफच्या हाडांवर उकळलेलं असतं. ते सोड. मिसो सूप आलं तर तेही सोड, त्याच्या पाण्यात सहसा बोनिटो नावाच्या सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. गेल्या वेळचं सूप तुला न कळता पोटात गेलं, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. फसवून कुणी दिलं नव्हतं आणि जाणून तू घेतलं नव्हतंस. आल्याच्या ड्रेसिंगचं सॅलड बहुधा चालतं, एकदा विचारून घे. यम यम सॉस म्हणून जो फिकट गुलाबी सॉस येतो त्यात मेयोनीज असतं, म्हणजे अंडं आलं. फ्राइड राइसमध्ये अंडं ठरलेलंच, म्हणून त्याऐवजी आतून साधा वाफवलेला भात मागव. नूडल्स मागवल्यास तर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, घालतात का ते विचार. भाज्यांचा टेम्पुरा, म्हणजे जपानी भजी, पाहून मोह होईल, पण त्या पिठात अंडं असू शकतं आणि तळण बहुतेक कोळंबीच्याच कढईतलं असतं.

एवढं वाचून ‘मग उरलं काय’ असं वाटेल, पण उरतं ते चांगलं असतं. वाफवून मीठ भुरभुरवलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, ज्यांना एदामामे म्हणतात. काकडी आणि अवाकाडोचे सुशी रोल. आणि मुख्य म्हणजे टोफू, सोयाबीनच्या दुधाचं पनीर. घट्ट टोफूच्या जाड वड्या त्या तापलेल्या लोखंडावर दोन्हीकडून खरपूस होतात, वर सोया सॉस, लसणाचं लोणी आणि तीळ पडतात. शेजारी झुकिनी, कांदा, मश्रूम, ब्रोकोली, कडा किंचित करपलेल्या आणि आत कच्चेपणाचा कुरकुरीतपणा राखलेल्या. अशी भाजी घरच्या गॅसवर होत नाही, तेवढी आचच मिळत नाही. हे जेवण तडजोड म्हणून नको, चवीने खा.

मग तो उडवाउडवीचा खेळ. आचारी तुझ्यापाशी आला की आधीच सांग, ‘नो श्रिम्प, झुकिनी प्लीज!’ भाजीचा तुकडा उडवायला त्याची हरकत नसते, उलट बऱ्याच ठिकाणी ब्रोकोलीचाच तुकडा उडवतात. झेलायचा असेल तर झेल. गालावर आपटला तर आपटू दे. या वेळी तू खेळात असशील, गेल्या वेळी नव्हतीस, आणि हसण्यातला फरक तुझा तुलाच कळेल. नको असेल तर तोंडासमोर तळहात धरून मान हलव. एवढी खूण पुरते. पिचकारीच्या बाटलीतून तोंडात साकेची धार सोडायची पद्धतही काही ठिकाणी असते. ती तांदळाची दारू आहे. घेत नसशील तर तीच खूण कर.

एक गोष्ट मात्र तुझ्याकडून हवी. कच्च्या मांसाचं ताट समोर आल्यावर नाक मुरडू नकोस, आणि बीफ खाणाऱ्या मैत्रिणीला त्या दिवशी गाईबद्दल काही ऐकवू नकोस. तुझ्या पानाचा मान त्यांनी राखावा असं तुला वाटतं, तसा त्यांच्या पानाचा मान तू राख. तू असं करणारी नाहीस हे पत्रावरून दिसतंच, तरी सांगितलं, कारण दुखावलेल्या माणसाच्या तोंडून नको ते पटकन निघून जातं.

पैशाचं आता. ६८ डॉलर तुला जड गेले आणि ते बोलून दाखवायची लाज वाटली. दोन्ही समजतं. पण लाज वाटायचं काही कारण नाही. इथे वेगवेगळं बिल मागणं अगदी सर्रास चालतं. फक्त ते ऑर्डर देतानाच सांगायचं, ‘सेपरेट चेक्स प्लीज’, बिल छापून आल्यावर नाही. वाढदिवस असल्यामुळे वाढदिवसवालीचं जेवण बाकीच्यांनी मिळून द्यायचं, हा इथला रिवाज पाळायला हवा. अंदाज यावा म्हणून हिशेब मांडते, आकडे रेस्टॉरंटप्रमाणे बदलतील. तुझं टोफू-भाजीचं जेवण २२ डॉलरचं धर. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे १.४६. वीस टक्के टिप ४.४०. झाले २७.८६. मैत्रिणीने ४५ डॉलरचं काही मागवलं तर कर आणि टिप धरून ५७ च्या जवळपास होतात. ते तुम्हा सात जणींत वाटले की प्रत्येकीला आठ डॉलर आणि थोडी चिल्लर. म्हणजे छत्तीस-सदतीस डॉलरमध्ये तुझा वाटा पूर्ण होतो आणि कुणाचं देणं राहत नाही. बिल आलं की एकदा नीट वाच. सहा किंवा आठ जणांच्या वर गट असला की बऱ्याच ठिकाणी १८ किंवा २० टक्के टिप आधीच जोडलेली असते, मग वर पुन्हा द्यायची नाही. जोडलेली नसेल तर मात्र हात आखडू नकोस. टिप मिळणाऱ्या नोकरांना मालकाने द्यायचा किमान पगार केंद्राच्या कायद्याने १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलेला आहे. राज्यांचे दर वेगळे आणि न्यू जर्सीचा त्याहून जास्त आहे, तरी या लोकांचं घर टिपवरच चालतं. तुझ्यासाठी वेगळं भांडं काढणारा आचारी आणि तुझा निरोप आत नेणारी मुलगी, दोघांचाही त्यात वाटा असतो.

ही बिलाची गोष्ट आणि खाण्याची गोष्ट त्या वाढदिवसवाल्या मैत्रिणीला आधीच कळवून टाक. ग्रुपवर नको, तिला एकटीला. जिने तुला गाडी शिकवली ती हे समजून घेणार नाही असं तुला का वाटतं? मला तर वाटतं, तू गेल्या वेळी उपाशी बसली होतीस हे तिला कळलं तर तिलाच वाईट वाटेल. तिला सांग, ‘मी येतेय आणि मला यायचंच आहे. मी मांस-मासे-अंडं खात नाही, म्हणून रेस्टॉरंटशी बोलून ठेवलंय, तुला काही करावं लागणार नाही. आपण बिलं वेगळी घेऊया का?’ बस, एवढंच. माफी मागू नकोस, कारणांची यादी देऊ नकोस. आणि मनात असेल तर तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायलाही तिलाच सांग. तू नाराज आहेस हे त्यांना दिसलंच नसेल, कारण तूही तेव्हा हसली असशील. आपण हसतो अशा वेळी.

आता ती मराठी मैत्रीण. तिचं वाक्य तुला कोळंबीपेक्षा जास्त लागलं, कारण परक्यांनी न समजणं एकवेळ चालतं, पण जिला ‘वऱ्याचे तांदूळ’ म्हटल्यावर समजतं तिने असं बोलावं हे सोसत नाही. तुझ्या बाजूने मी स्पष्ट सांगते : ती चुकली. अमेरिकेत राहायला काहीही सोडावं लागत नाही. या देशात यहुदी लोक खाण्याचे कोशर नियम पाळतात, मुसलमान हलाल पाळतात, आणि त्यांच्या ऑफिसातली माणसं जेवण मागवताना त्याची आठवण ठेवतात. आठवण ठेवतात, कारण त्यांनी ती करून दिलेली असते. तुझं शाकाहारी असणं हे मागासलेपण नाही, आणि ते जपायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण त्या मैत्रिणीने स्वतः काय काय सोडलं असेल, याचाही थोडा विचार कर. आपल्यातल्या कितीतरी जणांनी इथे आल्या आल्या, एखाद्या अशाच टेबलावर, कुणी नाव ठेवू नये म्हणून पहिला घास गिळलेला असतो. काहींना तो आवडला, ते सुखाने खातात आणि त्यात काही वावगं नाही. काहींना तो अजून खुपतो. दुसरी कुणी तो घास न गिळता बसलेली दिसली की त्यांना आपला तो दिवस आठवतो आणि तोंडून असं वाक्य निघतं. ती यातली कोण हे मला माहीत नाही. तिला फोन कर. मेसेज नको, मेसेजमध्ये आवाज नसतो. सांग, ‘त्या दिवशीचं तुझं बोलणं मला लागलं. टेबलावर आपल्या भाषेतलं कुणीतरी माझ्या बाजूला असेल असं मला वाटलं होतं.’ मग गप्प राहा आणि तिला बोलू दे. ती हसण्यावारी नेईल किंवा ‘मी सहज म्हटलं’ म्हणेल. तेव्हा वाद घालू नकोस, तुझं सांगून झालेलं असेल. आणि जमलं तर वाढदिवसाला तिच्याच शेजारी बस. आचाऱ्याचं लक्ष नसताना ‘अरे, तिचं व्हेज आहे’ असं तिच्या तोंडून आपसूक निघालं, तर तुमच्यातला अर्धा गुंता तिथेच सुटेल. नाही निघालं तरी तुझं जेवण तू आधीच ठरवून ठेवलेलं असेल.

दोन बारीकसारीक गोष्टी. वेळेवर पोच. टेबलावरचे सगळे आल्याशिवाय आचारी सहसा सुरुवात करत नाही, एकीच्या उशिराने आठ जणी खोळंबतात. आणि चांगली रेशमी ओढणी घालून जाऊ नकोस. सुती कपडे घाल, केस बांध. तेल उडतं, जाळ खराच उठतो, आणि वर धुराडं असलं तरी वास दोन धुण्यांपर्यंत जात नाही.

केकचं राहिलं. बाहेरचा केक चालतो का आणि तो कापून वाढायचे वेगळे पैसे घेतात का, हे त्याच फोनवर विचारून घे. वाढदिवस कळला की काही हिबाचीवाले ढोल वाजवत स्वतःचं आइस्क्रीम आणतात, तेव्हा केक त्याच्या आधी काढायचा की नंतर हेही ठरवून ठेव. बिनअंड्याचा खुशाल ने. ओक ट्री रोडवर इतक्या देशी बेकऱ्या आहेत, आणि त्यांचा बिनअंड्याचा केक इतका मऊ होतो की सांगितल्याशिवाय कुणाला कळणारही नाही. फक्त चव तिच्या आवडीची घे. तुला पिस्ता-गुलाब आवडत असेल, पण तिला चॉकलेट आवडत असेल तर चॉकलेट.

तुझी,
ताई